रविवारचा रिकामा रकाना

मोठ्या जावेला दुसऱ्या केमोनंतर गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आमच्याकडे आणायचं ठरलं, तेव्हा मी तिच्यासाठी पुढची खोली तयार केली. फरशी फिनेलनं पुसली, नव्या पावडरीत धुतलेली चादर अंथरली, कोपऱ्यात डासांची कॉइल लावली आणि देवापुढे दोनाच्या जागी चार उदबत्त्या लावल्या. ती ऑटोतून उतरली, उंबऱ्यापर्यंत आली, थबकली आणि मागे वळून अंगणातल्या नळापाशी बसून ओकली.

"बाई, काय झालं?" मी तिची पाठ धरून विचारलं. मोठ्या जावेला मी बाईच म्हणते.

"तुह्या घराचा वास," ती म्हणाली. "मारून राहिला वो मले."

माझ्या घराला तिनं याआधीही नावं ठेवली असतील. तोंडावर मात्र ही पहिलीच वेळ.

बाईचं गाव चिचगडच्या बाजूला, जंगलाला लागून. घरची धानाची शेती. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन नागपूरला झालं आणि पुढे तीन-तीन आठवड्यांनी सहा केमो ठरले. मधल्या काळात रक्त तपासायचं असतं आणि ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठायचा असतो. गावाहून ते जमत नाही. माझ्या नवऱ्याचं गोंदियात पंपाच्या सामानाचं दुकान आहे, मी शाळेच्या कार्यालयात आहे आणि आमची मुलं शिकायला बाहेर. खोली रिकामी होती.

यातली गंमत म्हणजे आमच्या घराण्यात वासाची हौस कोणाला असेल तर ती बाईलाच. रोवण्याच्या दिवसांत चिखलात उतरायला जातानाही ती मानेला पावडर लावून जायची. लग्नाला गेली की नवरीच्या आधी बायका तिच्याजवळ सरकून विचारायच्या, आज कोणतं तेल लावलं म्हणून.

मी नागपूरच्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, "केमो चालू असताना नाक असं करतं. साबण, तेल, क्रीम, कपड्यांची पावडर, सगळं बिनवासाचं ठेवा. गरम अन्नाचा वास जास्त उठतो, गार करून द्या. आणि ताई, वजन सांभाळा. घटत गेलं तर डॉक्टर पुढचा डोस थांबवतील."

वजन सांभाळायचं, तर तिनं खायला हवं. तिनं खायचं, तर घरातला वास गेला पाहिजे. काम सरळ होतं. मी दुपारी खोका घेतला आणि खोलीगणिक फिरले. फिनेल, कॉइल, उदबत्ती, कापूर, भांड्यांची लिंबाच्या वासाची वडी, न्हाणीघरातल्या दोन बाटल्या, माझी क्रीम, माझं केसांचं तेल, नवऱ्याचं दाढीनंतरचं लोशन. लोशनपाशी तो आडवा आला.

"हे तर मी दुकानात गेल्यावर लावतो."

"मग दुकानातच ठेवा."

"आणि देवाचं काय?"

"देवाला दिवा पुरतो."

कपाटातल्या चादरींनाही डांबरगोळ्यांचा वास होता. माझ्या नाकाला तो कधीच कळला नव्हता; बाईनं चादर तोंडाजवळ येताच मान वळवली तेव्हा कळला. सगळ्या चादरी साध्या पाण्यातून तीनदा काढल्या आणि उन्हात टाकल्या.

पहिली चूक मी लगेच केली. कडुनिंब-चंदनाचा साबण आणला, वर 'नैसर्गिक' लिहिलेला. मला वाटलं, नैसर्गिक म्हणजे झालंच. बाईनं कागद उघडायच्या आतच हात झटकला. चंदनाला वास असतो हे मला पन्नाशीत कळलं. दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानात गेले आणि मालकाला म्हटलं, वास नसलेला साबण द्या.

"बिना खुशबूवाला?" तो म्हणाला. "मॅडम, लोग खुशबू के लिएच तो लेते हैं।"

"आमच्याकडच्या पेशंटला नाही चालत."

त्यानं मग मागच्या फळीवरून, त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जातात तशा, एक पांढरी वडी आणि एक मलम काढलं. मी दुकानातच वडी उघडून हुंगली, त्यालाही हुंगायला दिली. "कुछ भी नहीं," तो जरा निराश होऊन म्हणाला.

शाळेत मी गजरा सोडला, क्रीम सोडली. सोबतची शिक्षिका म्हणाली, "काय मॅडम, संन्यास घेतला का?" मी म्हटलं, घेतला, पण पगार चालू ठेवला. घरी आल्यावर साडी बदलायची, हातपाय धुवायचे आणि मगच पुढच्या खोलीत जायचं, असं ठरवलं. फोडणी मागच्या अंगणात, गॅस बाहेर नेऊन. बाईचं जेवण म्हणजे गार पेज, दही, काकडी, उकडलेला बटाटा, कधी मुरमुरे.

एक वही केली. तारीख, काय खाल्लं, किती खाल्लं, ओकली का, कोणता वास आला. पाच रकाने. बाई त्या वहीला हसायची. "माह्यी हजेरी घेऊन राहिली," म्हणायची. "आज दीड वाटी लिव. दोन लिवशीन तं खोटा होईल."

एक वास मात्र मला खोक्यात भरता येण्यासारखा नव्हता. आमच्या मागे राईस मिल आहे. उसना तांदूळ करताना धान वाफवतात, त्याचा आंबूस, जड वास सगळ्या वस्तीवर पसरतो. गोंदियात आम्ही त्याच्यातच वाढलो, आम्हाला तो येतसुद्धा नाही. बाईला यायचा. वाफ सुटायच्या वेळा मी लिहून घेतल्या आणि त्या वेळी खिडक्या लावून ठेवायला सुरुवात केली.

तरी तिसऱ्या केमोला वजन चार किलोनं कमी भरलं. पन्नासचं शेहेचाळीस. डॉक्टरांनी तो डोस दिला. पण म्हणाले, आणखी घटलं तर चौथा देणार नाही, आणि मध्ये खंड पडणं चांगलं नाही. परतीच्या गाडीत बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी पिशवीतून वही काढली आणि पहिल्या पानापासून चाळली.

सोमवार ते शनिवार बरं चाललं होतं. थोडं थोडं, पण चाललं होतं. रविवारी 'काय खाल्लं'चा रकाना मात्र दुपारनंतर रिकामा. आदल्या रविवारीही रिकामा. त्याच्या आधीच्याही. तिन्ही रविवारी दुपारनंतर काहीच नाही, आणि सोमवारी सकाळीही घोटभर पाणीच.

मी म्हटलं, मिल. रविवारी भट्टी जास्त पेटवत असतील. दुसऱ्याच दिवशी शाळेतून येताना मिलच्या मुनीमाकडे गेले.

"रविवार को?" तो म्हणाला. "रविवार को तो भट्टी बंद रहती है, बाई."

मग रविवारी काय? त्या रविवारी मी कामं बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी तांदूळ निवडत बसले.

दहा वाजता पेज खाल्ली, एक वाटी. अकराला काकडीच्या चार चकत्या. बाराच्या सुमाराला फाटक वाजलं आणि भासरे आले.

भासरे म्हणजे बाईचे यजमान, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. दर रविवारी पहाटे गावाहून निघायचे, एसटी बदलत बाईला भेटायला यायचे; ते आले की मी स्वयंपाक घेऊन मागच्या अंगणातच असायचे. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि कानात अत्तराचा बोळा. तरुणपणी ते गावच्या दंडारीत काम करायचे. तोंडाला रंग लावून रात्र-रात्र नाचायचे. तेव्हापासूनची ही अत्तराची सवय. ते पुढच्या खोलीत गेले आणि दोन मिनिटांत तो वास परातीतल्या तांदळापर्यंत आला. हिना. घरात महिनाभर कसलाच वास नसल्यामुळे असेल, मला तो एखाद्या आवाजासारखा वाटला.

बाईनं भिंतीकडे तोंड केलं होतं. ते खुर्चीवर बसून गावचं सांगत होते. कापणी लागली, म्हैस व्याली. ती हूं हूं करत होती. अर्ध्या तासानं ते बाहेर येऊन अंगणात बसले आणि तीनच्या गाडीनं गेले.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "बाई, त्यांच्या अत्तराचा वास येतो ना?"

तिनं चादर ओढून घेतली. मग म्हणाली, "त्याईले काई सांगू नोको."

"काऊन?" तिच्याशी बोलताना माझ्याही तोंडात तिची बोली येते.

"चार गाड्या बदलून येते मानूस. माह्यासाठी नटून येते. त्याईले मी काय म्हनू, का तुमचा वास मारते? माह्या हातानंच घेतली होती ती पयली शिशी, देवरीच्या बाजारातून."

"मग उपाशी राहणार?"

"एक दिवस तं राह्यतो."

एक दिवस नव्हता तो. वहीत दीड दिवस होता, आणि त्यानंच वजन खाल्लं होतं. पण हे भासऱ्यांना सांगायचं कोणी? आमच्या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, काही सांगायचं असेल तर मधे कोणीतरी हवं. कोणी नसलं की दाराकडे पाहून बोलायचं: जेवण वाढलं आहे म्हणावं. तेही भिंतीला उत्तर देतात: येतो म्हणावं. शाळेत मी मुख्याध्यापकांनाही चार गोष्टी ऐकवते. पण सत्तावीस वर्षांत भासऱ्यांशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते, आणि पहिलंच वाक्य 'तुमचा वास येतो' हे असणं शक्य नव्हतं.

म्हणून मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं होकार दिला, मोबाइल घेऊन अंगणात गेला आणि लगेच परत आला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"डॉक्टर म्हणाले, भेटायला येणारे कमी करा. इन्फेक्शन होते म्हणून."

"आणि अत्तराचं?"

"आता दादाले मी कसं सांगू?" तो म्हणाला. "नाही आले का वासही नाही. एकच झालं ना."

एकच झालं नाही. पुढच्या रविवारी भासरे आले नाहीत. बाईनं सकाळी पेज खाल्ली आणि बारा वाजता उशी फाटकाच्या बाजूला करून बसली. एक वाजला, दोन वाजले. मी दही-भात नेला. तिनं वाटी हातात घेतली आणि तशीच परत दिली.

"सोडला त्याईनं," ती म्हणाली.

"काय सोडलं?"

"येनं सोडला. चार रविवार मी तोंड फिरवून बसली. मानूस किती दिवस येईल?"

मी तिला नवऱ्याचा फोन, डॉक्टरांचं नाव, सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पण मानलं नाही. वहीत रविवारचा रकाना पुन्हा रिकामा राहिला, या वेळी अत्तराशिवाय. सोमवारी सकाळी मी पेज घेऊन गेले तर ती पिशवी भरून बसली होती.

"मले घरी नेऊन सोडा. मले चौथी सुई घ्याची नाई."

"बाई, अर्धं झालं आहे."

"अर्धा झाला तं झाला. तुह्या घरात मी वासासाठी सगळ्याईले घराबाहेर काढला. देवाले काढला, त्याईले काढला. आता मीच जातो."

मी तिच्यासमोर पेज ठेवली, शाळेत उशीर होईल म्हणून कळवलं, मागच्या अंगणात गेले आणि भासऱ्यांना फोन लावला.

"कोन?" ते म्हणाले.

"मी. फुलचूरहून. लहान घरची."

 पलीकडे काहीतरी खाली पडल्यासारखं वाजलं.

"कवा गेली?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. सत्तावीस वर्षं न बोललेली बाई सकाळी आठ वाजता स्वतः फोन करते, याचा दुसरा अर्थ त्यांना कसा लागणार?

"बाई बरी आहे," मी घाईनं म्हटलं. "भाऊजी, ऐका, बाई बरी आहे. आत्ता खोलीत बसली आहे. मला तुमच्याशीच बोलायचं होतं."

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. विळा पडला हातातून, म्हणाले. धान कापत होते.

मग मी बोलायला लागले. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. इन्फेक्शनचं खोटं होतं. तिला वास सहन होत नाही, कोणताच. तुमच्या अत्तराचाही नाही. तुम्ही गेल्यावर ती दीड दिवस जेवत नाही. आणि तुम्ही आला नाहीत तरी जेवत नाही.

"अत्तराचा?" ते म्हणाले. "मले वाटला का तिले आवडते."

"आवडतंच. सध्या नाही."

"म्हंजे ते तोंड फिरवून बसे, ते..."

"वासानं. तुमच्यामुळे नाही."

 मग त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली, कागद आण म्हणून. "थांब," ते मला म्हणाले. "लिवून घेतो. काय काय सोडाचा सांग."

मी सांगत गेले. अत्तर. तेल. वासाचा साबण, साध्या पाण्यानं आंघोळ, फार तर बेसन. कपडे साबण न लावता दोनदा धुऊन उन्हात. इस्त्रीवाल्याकडे नको, तो पाण्यात काहीतरी टाकतो. बिडी नको. ते प्रत्येक गोष्ट मोठ्यानं म्हणून लिहीत होते. शेवटी म्हणाले, "खर्रा?" तंबाखू-सुपारीचा तो खर्रा ते तीस वर्षं दिवसाला चार-पाच वेळा खात होते. त्याचं नाव काढायचं धाडस मी केलं नव्हतं.

"त्याचाही वास येतो," मी म्हटलं.

"लिवला."

मंगळवारी दुपारी फाटक वाजलं. मी पाहिलं आणि क्षणभर ओळखलं नाही. तेलाशिवाय त्यांचे केस सगळ्या बाजूंनी उभे होते. सदरा चुरगळलेला, कानात काही नाही. हातात पिशवी होती, तीन-चार दिवसांची. कापलेल्या धानाचं काय, असं मी नवऱ्याकडे पाहून विचारणार होते, पण तो दुकानात होता. म्हणून त्यांनाच विचारलं.

"कडपा बांधीतच वाळून राहिल्या. भाचा पाह्यते," ते म्हणाले आणि दाराशी थांबले. "पाह्य बरं, येते का वास?"

मी दोन पावलं जवळ गेले. घाम होता, मातीचा वास होता. "थोडा घामाचा," मी म्हटलं. ते नळावर गेले आणि पुन्हा आंघोळ करून आले.

बाई पलंगावर बसली होती. तिनं त्यांना केसांपासून पायांपर्यंत पाहिलं.

"असे काऊन आले? मयतीले आल्यावानी."

"तुह्यी जाऊ म्हने, नटून येऊ नोका."

"ते बोल्ली तुमच्यासंग?"

"बोल्ली. लय बोल्ली. एक कागद भरला."

बाई माझ्याकडे पाहू लागली. मी पदर नीट करत स्वयंपाकघरात निघून गेले. मागून तिचा आवाज आला, "इकडे सरका. आनखी. खुर्ची राहू द्या." थोड्या वेळानं मी पेज घेऊन गेले, तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते आणि ती त्यांच्या उभ्या केसांवरून हात फिरवून ते बसवायचा प्रयत्न करत होती. स्वतःच्या डोक्यावर तिच्या एकही केस उरला नव्हता. वाटी मी त्यांच्याजवळ ठेवली.

"दोन चमचे तुमी खा, तं मी खातो," ती म्हणाली.

"याले चवच नाई."

"म्हनून तं खाता येते."

त्या दिवशी वहीत दोन वाट्या लिहिल्या. खऱ्या. अर्धी वाटी भासऱ्यांची असावी, ती मी वजा केली नाही.

ते दहा दिवस राहिले. खर्रा सोडल्यामुळे पहिले तीन दिवस अंगणात फेऱ्या घालायचे आणि कोणावरही चिडायचे, माझ्या नवऱ्यावर जरा जास्तच. बाई रोज थोडं थोडं खायची. कधी ओकायची, मग तासाभरानं पुन्हा खायची. ते समोर वाटी धरून बसायचे. मी रोज वजनाचा आकडा लिहीत होते. तो वर चढला असं म्हणता येणार नाही. पण घसरायचा थांबला.

चौथ्या केमोला आम्ही तिघं नागपूरला गेलो. काट्यावर बाई चढली. भासरे आकड्याकडे न पाहता तिच्या पायांकडे पाहत होते. शेहेचाळीस आणि वर दोनशे ग्रॅम. नर्सनं कागदावर लिहिलं, डॉक्टरांना दाखवलं आणि परत येऊन म्हणाली, "चला, घेऊ या. सोबत एकानंच आत बसायचं."

आजपर्यंत आत मी बसत होते. पिशवी माझ्याच हातात होती. मी ती भासऱ्यांना दिली आणि सांगायला लागले: थंड पाण्याची बाटली, मास्क, काकडी डब्यात, ओकारी आली तर निळी पिशवी.

"माहीत हाय," ते म्हणाले. "तू जेवून घे."

मी खाली उपाहारगृहात गेले. कांदा आणि कढीपत्त्याची फोडणी घातलेले पोहे मागवले, वर गरम तर्री. दीड महिन्यात मी असं काही खाल्लं नव्हतं. सगळे पोहे खाल्ले, तर्री दुसऱ्यांदा मागितली. मग बेसिनवर हात धुतले, पुन्हा धुतले, चूळ भरली, बोटं हुंगली. कांद्याचा वास जात नव्हता. वर चार तास लागणार होते. मी दवाखान्याच्या बाहेरच्या पायरीवर, जिथे वारा लागत होता तिथे, हात पुढे करून बसून राहिले.